शेजारची सीट

पॅडल तिथंच होतं. रविराजनं ते दाबलं होतं. निदान दाबलं असं त्याच्या डोक्यानं त्याला कळवलं होतं. मांडीपर्यंत जोर लागलेला त्याला जाणवला होता, आणि तरी गाडी तशीच पुढे सरकत राहिली. नारिंगी शंकू एकामागून एक आडवे झाले. शंकू मांडणारा अजिनाथ हातातला शंकू छातीशी धरून बाजूच्या गवतात जाऊन पडला. मग गाडी थांबली, आणि ती निकितानं थांबवली होती. तिच्या पायाखालच्या ब्रेकनं, शिकणाऱ्याच्या. शिकवणाऱ्याचा ब्रेक डाव्या बाजूला रविराजच्या पायाशी होता आणि त्याच्याच भरवशावर हा सगळा धंदा उभा होता. तो जसाच्या तसा वर होता. त्यानं खाली पाहिलं. त्याचा उजवा पाय पॅडलच्या शेजारी रबरी चटईवर टेकलेला होता आणि चटईच जीव खाऊन दाबत होता. दुसऱ्या कुणाचा तरी पाय पाहावा तसा तो पाहत राहिला.

"सर, तुमी दाबलाच न्हाई," निकिता म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, नवल होतं.

"नाही दाबला."

"मुद्दाम?"

त्यानं एवढंच करायचं होतं, की हो म्हणायचं नाही. पण तिनं शब्द आयता हातात दिला होता.

"मुद्दाम. तू काय करतेस बघायचं होतं."

तिचा चेहरा असा उजळला की त्याला खिडकीबाहेर बघावं लागलं. बाहेर अजिनाथ पँटीला चिकटलेली कुसळं काढत येत होता. "बगायचं हुतं तर मला आदी सांगायचं ना सर," तो म्हणाला. "मी सकाळचा च्या तरी दोनदा पिलो असतो."

"उडी पर झ्याक मारली भाऊ," निकिता म्हणाली. "भरतीला का न्हाई गेलात?"

"गेल्तो की. छाती कमी भरली."

"आता मोजा. शंकू धरून."

अजिनाथ हसला, निकिता हसली, रविराजही हसला. आणि मग गाडी मागे घेत घेत, मान वळवून, ती सहज म्हणाली, "उद्या घाट हाय ना सर? तुमी शेजारी असल्यावर मला काय भ्या न्हाई."

उद्या करंजीचा घाट होता. महिनाभर मोकळ्या मैदानावर शंकूंमधून फिरलेली मुलं शेवटी घाटात न्यायची, ही पद्धत त्यानंच घातली होती. जामखेड रस्त्यावर शहर संपतं तिथं आप्पासाहेबांनी हे चालक प्रशिक्षण केंद्र काढलं, तेव्हा ते त्याला म्हणाले होते, "तुमचं नाव पाहिजे मला. चोवीस चोवीस तास गाडी हाणलेला माणूस आख्ख्या जिल्ह्यात दुसरा न्हाई." फाटकावर त्याचा हेल्मेट घातलेला फोटो लावला होता; उन्हानं त्याचा लाल रंग गुलाबी झाला होता. शाळेच्या बसचे ड्रायव्हर, दुधाच्या टँकरचे, रुग्णवाहिकेवर लागू पाहणारे, सगळे त्या फोटोखालून आत यायचे आणि त्याला रेसिंगवाले सर म्हणायचे. निकिता जामखेडच्या पुढच्या एका वाडीची. आईबाप दर साली ऊसतोडीला जायचे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्याकुंड्यांवर बसून. तिला रुग्णवाहिका चालवायची होती. का, असं त्यानं पहिल्या दिवशी विचारलं तर म्हणाली, "आमच्या घरात समदे बसून गेले सर आजवर. गाडी चालवून कुनीच कुनाला न्हाई नेलं." करंजीच्या घाटात उतारावर समोरून भरलेला ट्रक आला, ती गोंधळली, तर डाव्या बाजूचा ब्रेक दाबायला शेजारी तो असणार होता. त्याचा पाय असणार होता.

संध्याकाळी घरी निघताना त्यानं गाडी सुरू केली आणि आयुष्यात पहिल्यांदा पॅडलवरचा पाय डोळ्यांनी बघून ठेवला. भिंगारच्या अलीकडे, चांदणी चौकात, उड्डाणपुलाच्या तोंडाशी, प्रत्येक ठिकाणी नजर आधी खाली गेली, मग समोर. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून पुढे गेला. पाय म्हणजे त्याचा कान होता एके काळी. अंधारात, हेल्मेटच्या आत स्वतःच्या श्वासाशिवाय काही ऐकू येत नसताना, तळपायाला लागणाऱ्या बारीक थरथरीवरून त्याला कळायचं, की पुढचं उजवं टायर झिजायला लागलंय, ब्रेक तापलाय, डांबरावर कुठून तरी वाळू उडून आलीय. बुटाचा तळवा मुद्दाम पातळ करून घ्यायचे सगळे. गाडी आधी पायाला बोलते, मग हाताला, डोळ्यांना सगळ्यांत शेवटी, हे तो अजूनही मुलांना सांगायचा. गेल्या वर्षी कधी तरी ते बोलणं हळू झालं. पावलाखाली कायम मोजा असल्यासारखं वाटायचं, मोजा नसताना. मधुमेहाच्या डॉक्टरांनी एक पारदर्शक दोरा काढला, डोळे मिटायला सांगितले आणि दोऱ्याचं टोक तळपायाला ठिकठिकाणी लावत विचारलं, कळतंय का. डॉक्टर हात पुढे न्यायचे तेव्हा त्यांच्या मनगटावरचं सैल घड्याळ किंचित खुळखुळायचं. तेवढं ऐकून तो हो म्हणत गेला. डॉक्टर म्हणाले, चांगलं आहे, जपा. बाहेर आल्यावर त्याला परीक्षेत पुढच्याचं बघून लिहिल्यासारखं वाटलं होतं, आणि थोडा आनंदही झाला होता, की कान अजून शाबूत आहेत.

सोनईला त्याचे वडील साखर कारखान्याच्या गॅरेजात होते. हंगामात रात्रंदिवस ट्रक यायचे, आणि मोळ्या उतरवून झालेला रिकामा ट्रक यार्डाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन लावायचं काम हळूहळू त्याच्याकडे आलं. तिथून तो आधी पुण्यात मेकॅनिक झाला, मग मातीतल्या शर्यतींत उतरला, मग चेन्नईजवळच्या ट्रॅकवर गेला, आणि शेवटी लांबच्या शर्यतींत. मलेशियातली बारा तासांची, दुबईतली चोवीस तासांची. लोकांना ते वेगाचं काम वाटायचं. खरं तर ते टिकण्याचं काम होतं. कोण जोरात गेलं हे दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षात राहत नसे. गाडी शेवटपर्यंत कुणी आणली एवढंच राहायचं. आणि ते काम एकट्याचं नव्हतं, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नसे, कारण फोटोत तो एकटाच असायचा.

त्याचा जोडीदार अमृत, बेळगावचा. कितीतरी वर्षं ते दोघं एकच गाडी चालवत होते आणि त्या गाडीत एकत्र कधीच नव्हते. एकानं उतरायचं तेव्हा दुसऱ्यानं चढायचं. गाडी पिटमध्ये, ट्रॅककडेच्या थांब्यावर, येऊन थांबे, दार उघडे, आतला बाहेर पडे, बाहेरचा आत शिरे, आणि उतरलेल्यानंच वाकून चढलेल्याचे पट्टे आवळायचे. अमृतच्या घामानं भिजलेली, ऊबदार सीट पाठीला लागायची. तोंडाशी अमृतचं हेल्मेट यायचं. आणि त्या वेळात एक वाक्य सांगायचं असायचं, एकच, गाडीबद्दलचं. डावं मागचं टायर गेलंय. ब्रेक उशिरा धरतोय. तिसऱ्या वळणाला तेल सांडलंय, आतून जा. बस. मग पाठीवर थाप, आणि दार बंद. स्वतःबद्दल काही सांगायचं नाही, असं कुणी शिकवलं नव्हतं, पण तसं होतं खरं. एकदा अमृत उतरला तो गिअर कडक झालाय म्हणाला, आणि तासाभरानं रेडिओवरून कळलं की त्याला तिकडं सलाइन लावलंय. गाडीतले चारही तास तो तापानं फणफणलेला होता. रविराजला त्याचं कौतुकच वाटलं. शर्यती संपल्यावर विमानतळाच्या गाडीत ते दोघं मागे शेजारी शेजारी बसायचे, आणि काय बोलावं हे दोघांनाही सुचायचं नाही. आता अमृत दिवाळीला मोबाईलवर पणतीचं चित्र पाठवतो. तो त्याला तेच चित्र परत पाठवतो.

शर्यतीच्या गाडीत शेजारची सीट नसतेच. वजन नको म्हणून काढून टाकतात. तिथं उघडा पत्रा असतो, रिबीट मारलेला, त्यावर आग विझवायचं नळकांडं बांधलेलं. डावं वळण घेताना त्या रिकाम्या जागेवर नजर पडायचीच. सवय झाली की ती जागा दिसेनाशी होते, असं तो समजत होता. पण घरच्या गाडीतही ती तशीच राहिली. त्याची बायको रोहिणी पुढे बसत नसे. लग्न झालं तेव्हा बसायची. जुनी फियाट होती, पुढचं बाक सलग, आणि ती चप्पल काढून पाय पोटाशी घेऊन बसायची, रस्त्याकडेच्या सगळ्या पाट्या मोठ्यानं वाचत. घोडेगाव, सुटे भाग मिळतील, शिंगणापूर फाटा, ताजा उसाचा रस. समोरून ट्रक आला की पाय खाली सोडून पुढचा पत्रा दाबायची. तो म्हणायचा, तिथं काही नाहीये अगं. ती म्हणायची, असू दे, मी पण दाबतेय. मग चेन्नईला त्याची गाडी उलटली, तो आठवडाभर दवाखान्यात होता, आणि परत आल्यावर पहिल्यांदा कुठं तरी जायला निघाले तेव्हा ती मागचं दार उघडून मागे बसली. मागे मोकळं वाटतं, म्हणाली. पुढच्या सीटवर पूजेची परडी ठेवली. त्याला वाटलं, घाबरली असेल, जाईल भीती. मग वाटलं, रागावली असेल. मग काही वाटायचं थांबलं. परडी, भाजीची पिशवी, बँकेची कागदपत्रं, जे असेल ते पुढे बसायचं आणि बायको मागे. आरशात तिचं कपाळ तेवढं दिसायचं. शेजारी बसणं हाच आता त्याचा धंदा झाला होता, दिवसभर तो परक्या मुलांच्या शेजारी बसून त्यांचे श्वास ऐकायचा. आणि त्याच्या शेजारी मात्र कुणी बसत नव्हतं.

सावेडीतल्या घरापाशी त्यानं गाडी लावली आणि किल्ली काढून थोडा वेळ तसाच बसला. उद्या सकाळी आप्पासाहेबांना सांगता येईल की बरं नाही. घाट पुढे ढकलता येईल. बघून बघून दाबता येईल. पाय खाली बघायला एक क्षण लागतो, आणि घाटात तेवढा क्षण असतो की नसतो, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं. आणि नाही म्हटलं तर उद्यापासून कुठं जायचं. शर्यत सुटली तेव्हा निदान सुटली असं कुणी म्हटलं नव्हतं. एका वर्षी फोन आला नाही, एवढंच. त्याच्या जागी एक तरुण मुलगा बसला. लोक विचारायचे, यंदा कुठली रेस. तो म्हणायचा, यंदा नाही जमलं, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षीही तेच, आणि मग लोकांनी विचारणं सोडलं. हेल्मेट कपाटावर राहिलं.

श्रावण संपत आला होता. चातुर्मासात रोहिणी मौनानं जेवायची. पानात वाढून घेतलं की बोलायचं नाही, हात धुऊन तुळशीला नमस्कार करेपर्यंत. बाकीचेही नेम होतेच, सकाळी गाईला घास, पिंपळाला पाणी, शनिवारचा उपास, पण त्यांचा आवाज घरात ऐकू येत नसे. हा एकच नेम ऐकू यायचा. वाटीवर चमचा, भाताची वाफ, पंख्याचा करकर आवाज. इतक्या वर्षांत त्यालाही त्या वेळेला बोलायची सवय राहिली नव्हती. आज तिनं भाकरी मोडली, पहिला घास घेतला, आणि त्याच्या लक्षात आलं की आता ती काही विचारू शकत नाही. शर्यतीत रेडिओचं बटण दाबून बोलायचं असतं तसं होतं हे. बोलत जायचं. पलीकडे ऐकलं की नाही, ते नंतर कळतं.

"माझ्या उजव्या पायाला कळत नाही," तो म्हणाला.

तिचा हात भाकरीवर थांबला, मग पुन्हा चालू लागला.

"आज पॅडल सोडून मी खालची चटई दाबली. अजिनाथ गवतात पडला, लागलं नाही त्याला. पोरीनं थांबवली गाडी. ती म्हणाली, सर तुम्ही दाबलाच नाही. मी म्हटलं, मुद्दाम." त्यानं पाण्याचा पेला बाजूला सरकवला. "डॉक्टरला पण खोटंच सांगितलं. उद्या घाट आहे. ती म्हणते तुम्ही शेजारी असलात की भीती नाही."

रोहिणीनं पानातलं सगळं संपवलं. तिनं घाई केली नाही आणि ताटात काही टाकलंही नाही. ताटावर पाण्याचं बोट फिरवून ती उठली, हात धुतले, मागच्या दारी तुळशीपाशी गेली. तिकडं ती नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिली, असं त्याला वाटलं. मग येऊन त्याच्यासमोर बसली.

"मला चैत्रापासून माहीत आहे," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "गणपतीच्या देवळातून तुम्ही एका पायात चप्पल घालून आला होतात. दुसरी वाटेतच निसटली होती. मी मागून उचलून आणली."

त्याला आठवलं. त्या आठवड्यात तिनं त्याच्यासाठी मागून पट्टा असलेल्या सँडल आणल्या होत्या. तो म्हणाला होता, कशाला, आहेत की चपला.

"मग बोलली का नाहीस?"

"ते तुम्ही सांगायचं होतं. मी सांगून काय." तिनं त्याचा मोबाईल टेबलावरून उचलून त्याच्यापुढे ठेवला. "त्या मुलीला आत्ताच सांगा. ती झोपली तर उद्या तुम्ही असाल या भरवशावर झोपेल."

त्यानं आप्पासाहेबांना फोन केला. ते म्हणाले, घाटात दुसरे सर पाठवतो, तुमचं आपण बसून बघू. बसून बघू म्हणजे काय ते दोघांनाही समजलं. मग त्यानं निकिताला लावला. पाठीमागे भांडी वाजत होती, कुणी तरी टीव्ही लावला होता.

"निकिता, आज मी मुद्दाम नव्हतं केलं. मी दाबत होतो, पाय भलतीकडेच होता. मला त्या पायाला कळत नाही."

टीव्हीचा आवाज बंद झाला.

"म्हंजी गाडी थांबली ती..."

"तू थांबवलीस."

"खरंच मीच?"

"खरंच तूच."

ती भांड्यांच्या आवाजापासून लांब गेली. मग म्हणाली, "मंग उद्या शेजारी कोन?"

"दुसरे सर. चांगले आहेत. आणि ऐक, त्या गाडीचा ब्रेक उशिरा धरतो. घाट उतरायच्या आधीच दुसऱ्या गिअरला ये, ब्रेकवर लटकू नकोस."

"बरं," ती म्हणाली. "आन तुमी वो सर?"

याला वाक्य नव्हतं. तो म्हणाला, "बघू." आणि म्हणताक्षणी समोर बसलेल्या रोहिणीनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तिनं का पाहिलं ते त्याला कळलं नाही, पण काही तरी चुकलं एवढं कळलं. "नाही, बघू नाही," तो फोनमध्ये म्हणाला. "माझं सुटलं आता. नीट जा उद्या."

त्यानं फोन टेबलावर ठेवला. रोहिणीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"सुटलं म्हणालात," ती म्हणाली. "शिकवायचं, की सगळंच?"

"सगळंच. शर्यत तर कधीचीच सुटली होती."

"कधीची?"

"तुला माहीत नाही का? नऊ-दहा वर्षं झाली."

"मला कसं माहीत असणार," ती म्हणाली. "दर दसऱ्याला विचारते मी तुम्हाला. खंडेनवमीला. हेल्मेट काढू का पूजेला? तुम्ही म्हणता, काढ."

त्याला ते हेल्मेट दिसलं. पाटावर, पाने, पक्कड, तिच्या शिलाई मशीनची कात्री यांच्या शेजारी, कपाळपट्टीवर हळदीकुंकवाची बोटं, वर झेंडूचं फूल. चालतं हत्यारच पूजेला लावायचं असतं. ज्याचं काम संपलं ते पुसून ठेवायचं असतं. हे त्यालाही माहीत होतं, सोनईला वडील तसंच करायचे. दर वर्षी ती स्टुलावर उभी राहून वरून विचारायची आणि तो वर्तमानपत्रातून डोकं न काढता काढ म्हणायचा, कारण नको म्हणणं म्हणजे शर्यत संपली असं म्हणणं झालं असतं.

"त्याचं काय पण?" त्यानं विचारलं.

"माझा एक नेम होता त्याच्यावर. सांगायचा नसतो. आता सुटला, म्हणून सांगते." तिनं पदर पुन्हा बोटाला गुंडाळला. "तुमची गाडी उलटली ना चेन्नईला, तेव्हा मी मोहट्याला गेले होते देवीला. म्हटलं, हे शर्यत सोडेपर्यंत नीट घरी येऊ देत, मी एक गोष्ट सोडते. बायका वांगं सोडतात, जिलबी सोडतात. मला वांगं आवडतच नव्हतं. न आवडणारं देवीला काय द्यायचं."

"मग काय सोडलंस?"

"गाडीत तुमच्या शेजारी बसायचं."

बाहेर कुणी तरी स्कूटर सुरू केली, ती दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा लागली. ती गल्लीतून जाऊन मोठ्या रस्त्याला मिळेपर्यंत तो तिचा आवाज ऐकत राहिला. आरशातलं ते कपाळ, पुढच्या सीटवरची परडी, मागे मोकळं वाटतं. एवढी वर्षं तो तिच्या भीतीची समजूत घालत होता, मनातल्या मनात, आणि भीती तिथं नव्हतीच. तो काढ म्हणायचा आणि ती पुन्हा वर्षभर मागे बसायची. आणि आता ती पुढे बसू शकत होती, आणि तो गाडी चालवू शकत नव्हता. त्याला वाटलं, ती हे म्हणेल. तिनं ते म्हटलं नाही. तिनं उठून दुधावर झाकण ठेवलं आणि म्हणाली, "उद्या मोहट्याला जाऊन येऊ. देवीला सांगायला पाहिजे."

"कशानं जायचं?"

"एसटी आहे की."

सकाळी माळीवाड्याच्या स्टँडवरून पाथर्डीची गाडी मिळाली. त्यानं तिला खिडकी देऊ केली. ती म्हणाली, तुम्ही बसा, वळणं बघायला. मग स्वतः त्याच्या शेजारी बसली, मांडीवर नारळाची पिशवी घेऊन. बाजरी निसवलेली होती. मागच्या बाकावर दोन म्हाताऱ्या एकमेकींच्या सुनांना नावं ठेवत होत्या आणि कंडक्टर त्यांना सांगत होता, मावशे, हळू, तुमची सून पुढं बसलीय. रविराजच्या कानात ते शिरत होतं आणि निघून जात होतं. रोहिणीच्या दंडाची ऊब त्याला शर्टातून लागत होती. इतकं साधं होतं ते. त्याच्या घरात, त्याच्या अंथरुणात ती ऊब रोजच होती. पण खालून रस्ता सरकत असताना नव्हती. तिच्याकडे वळून काही बोलावं असं त्याला वाटलं, आणि विमानतळाच्या गाडीत अमृतशेजारी बसल्यासारखं त्याला काही सुचेना. ती ओठांतल्या ओठांत देवीचं नाव घेत होती. म्हणजे ती तिच्या जागी होती आणि तो त्याच्या.

करंजीचा घाट लागला. गाडी जड होऊन वर चढू लागली. दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर वरून केंद्राची पांढरी गाडी उतरताना दिसली, टपावर पिवळी पाटी. निकिता स्टिअरिंगला चिकटून न बसता ताठ बसली होती, त्यानं शिकवलं होतं तशी. तिच्या शेजारच्या खिडकीतून एक परका कोपर बाहेर आला होता. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती, आवाजावरून कळत होतं. चारा भरलेला एक टेम्पो वळण कापत तिला आडवा आला. रविराज खिडकीच्या गजाला धरून पुढे झाला. पांढरी गाडी किंचित दबली, कडेला सरली, थांबली, टेम्पो गेला, ती परत निघाली. तिनं एसटीकडे पाहिलं नाही. बघायचं कारण नव्हतं. क्षणात ती मागे गेली आणि समोर नुसता डोंगर राहिला.

"अहो," रोहिणी म्हणाली.

ती त्याच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हती. ती खाली पाहत होती.

"दाबताय तुम्ही."

"मी?"

त्यानं खाली पाहिलं. उजवा पाय पुढच्या बाकाखालच्या पत्र्यावर टेकलेला होता, सँडलचा पट्टा टाचेत रुतला होता, बोटं पांढरी पडली होती. पाय अजून दाबतच होता. त्याला त्याची काहीच खबर नव्हती.

"कळलं नाही मला," तो म्हणाला. स्वतःबद्दलचं असं वाक्य त्यानं शर्यतीत कुणालाही उतरताना किंवा चढताना सांगितलं नव्हतं, आणि म्हणताना त्याचा आवाज परक्यासारखा झाला.

तिनं नारळाची पिशवी मांडीवरून बाजूला केली. साडीची किनार थोडी वर ओढली. तिची चप्पल बाकाखाली काढून ठेवलेली होती, आणि अनवाणी पाय, बोटांत जोडवी असलेला, त्याच्या पायाशेजारी त्याच पत्र्यावर घट्ट रोवलेला होता.

"असू दे," ती म्हणाली. "मी पण दाबतेय."

पुढे ड्रायव्हरनं गिअर बदलला. पत्रा दोघांच्या पायांखाली थरथरला असणार. तिच्या जोडव्यांचा बारीक आवाज झाला, त्यावरून त्याला ते कळलं.